उत्तर दरवाजा आणि घागर

नांदेडच्या घरी माझ्या खोलीचं दार बंद असलं की आईबाबांना वाटायचं, अभ्यास चालू आहे. मी तेव्हा एका शहराचे कर ठरवत असायचे. मिठावर किती, घोड्यांवर किती. आठवीत असताना मोठ्या कागदावर मी एक नगर काढलं होतं आणि ते कॉलेज संपेपर्यंत वाढत राहिलं. त्याला चार दरवाजे, आकाशात दोन चंद्र, स्वतःची भाषा आणि लिपी. विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या तासाला मागच्या बाकावर बसून मी त्या भाषेतली क्रियापदं चालवायचे. त्याच नगरावर कादंबरीही लिहीत होते, इंग्रजीत, कारण शाळा त्या माध्यमाची आणि वाचनही बहुतेक त्याच भाषेतलं. कादंबरी पुढे सरकत नव्हती. नगर देखणं होतं, पण तिथे कोणी काही करतच नव्हतं.

यातलं मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. बोलायच्या आधी वाक्य मनात तपासून घ्यायची मला सवय आहे. तोवर विषय बदललेला असतो.

मागच्या उन्हाळ्यात मात्र ठरवलं, एकदा दुसऱ्या कुणाला तरी या नगरात नेऊन बघायचं. एक दुपारभरही ते तिथे रमले नाहीत, तर नकाशा गुंडाळून ठेवायचा आणि बाबा म्हणतात तशी बँकेच्या परीक्षेची तयारी करायची.

नेण्याचा रस्ता म्हणजे फाशांचा खेळ. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली माणसं होतात आणि आपण काय करतो ते बोलतात. अवघड जागी वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं. परक्या लोकांना हा खेळ खेळताना मी फोनवर तासन् तास बघितलं होतं. फासे मागवून घेतले आणि नकाशा घेऊन लातूरला मावशीकडे गेले. तिथे माझं फारसं कुणी मनावर घेत नाही, म्हणून तिथे धीर होतो.

मावशी शाळेत गणित शिकवते. ती तुरीची डाळ निवडत बसली होती. मावसभाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी समोर बसले. वहिनीने फासा उजेडात धरून बघितला. "हे गडगडत कुठंबी जाईल की," म्हणाली आणि मध्ये पितळी परात आणून ठेवली.

मी लिहून आणलेलं इंग्रजी वर्णन वाचलं. बुरूज, धुकं, दोन चंद्र. दादा डोळे मिटून ऐकत होता.

"दादा?"

"ऐकायलाव. आईच्या तासाला बी असंच ऐकायचो."

"तरीच मार्क तसे होते," मावशी म्हणाली.

"मराठीत सांग की गं," वहिनी म्हणाली.

मी सांगितलं. "आपण एका प्राचीन नगराच्या उत्तर द्वारापाशी उभे आहात. द्वारपाल आपणांस रोखतात."

"आपणांस!" दादाने कान पकडले. "गोष्ट सांगायलीस का नोटीस वाचायलीस?"

मी फासे गोळा करायला लागले. तेव्हा मावशी डाळीतून मान वर न काढता म्हणाली, "त्या गावात नळ किती दिवसाला येतो?"

"नळ नाही. मधून नदी वाहते."

"नदी तर तुमच्या नांदेडलाबी हाय. रोज येतं का पाणी?"

मिठाचा कर मला पाठ होता. उत्तरेकडच्या चढावरच्या घरांना पाणी कोण देतं, हे मात्र मी कधी ठरवलंच नव्हतं.

"आठ दिवसाला येतं," मी म्हणाले. "आणि आज पाण्याचा वार आहे."

हे वाक्य मी तपासलं नव्हतं.

तिघं सावरून बसले. लातुरात पाण्याच्या दिवशी कोणी घर सोडत नाही. मुलगी बघायचा कार्यक्रमसुद्धा पुढे ढकलतात.

"मग पहारेकऱ्याचं ध्यान घराकडंच असणार," दादा म्हणाला. "बायको एकटी भरायली असंल."

माझ्या पहारेकऱ्याला भाला होता, निळा अंगरखा होता. बायको आत्ता मिळाली.

"मी घागर घेऊन जाते," वहिनी म्हणाली. "घागर घेतलेल्या बाईला कोण अडवतंय?"

त्या दरवाजासाठी मी नगराच्या भाषेतलं एक कोडं रचून ठेवलं होतं. ते राहिलं बाजूला. "फासा टाका," मी म्हणाले. परात वाजली. तीन.

"अडवलं तिला," मावशी म्हणाली. "विसात तीन म्हणजे अडवलंच."

"आई, तुम्ही कोणाकडून खेळायलात?" वहिनी म्हणाली.

"पहारेकरी विचारतोय," मी म्हणाले, "घागर कोणाच्या घरची?"

तेवढ्यात गल्लीतून हाक आली, नळ आला!

सगळे उठले. दादाने मोटार लावली, वहिनीने पाइप ओढला, मावशी टाकी बघायला गच्चीवर गेली. कुणी मागे वळूनही बघितलं नाही. मी नकाशाची घडी घातली, ती परातीखाली सरकवली आणि अंगणात जाऊन ड्रमपाशी उभी राहिले. झालं, एवढंच होतं ते, असं वाटलं.

वहिनी पाइप धरून होती. "मी सांगितलं त्याला," ती म्हणाली, "तुमच्याच घरची घागर हाय. तुमच्या बायकोनं पाठवलंय, लवकर सोडा."

मला समजायला क्षणभर वेळ लागला.

"काय म्हणाली ती?" गच्चीवरून मावशी. "मोठ्यानं सांगा, मोटारीत ऐकू येईना!"

"बायकोचं नाव काढलं तिनं!" मी ओरडले. "पहारेकरी घाबरलाय!"

एवढ्या मोठ्याने मी कधी बोलले असेन, आठवत नाही. भिंतीपलीकडे शेजारच्या काकू ड्रम विसळत होत्या. त्या थांबल्या. "कोण घाबरलाय? कोणाच्या घरचं हाय हे?"

"आमच्या पोरीच्या गावातलं," मावशी वरून म्हणाली.

"नांदेडचं?"

"न्हाई, आणखी वर. त्यांच्याकडंबी आठ दिवसालाच येतं."

"सगळीकडं तेच," काकू म्हणाल्या. "मग सोडलं का त्या बाईला?"

वहिनी माझ्याकडे बघत होती. दादाही मोटारीपाशी मान वाकडी करून थांबला होता. मी पाइप दुसऱ्या ड्रममध्ये टाकला.

"सोडलं," मी म्हणाले. "पण घागर ठेवून घेतली."

"अगं बाई," काकू म्हणाल्या, "आणि तेबी पाण्याच्या दिवशी?"