महिरपी कंसातली अट

१४ जुलै २००१, शनिवार. हिंजवडीचं ऑफिस. हजर: मी, नारायण पेठेतले आमचे ज्येष्ठ सहकारी आणि नागपूरहून आलेली, अजून कायम न झालेली एक मुलगी. गैरहजर: साहेब. तिला ठेवायचं की नाही, हे सोमवारी मी त्यांना लिहून द्यायचं होतं.

काम पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं. लांबलचक यादीतून अटीत बसणारी पहिली नोंद काढायची आणि तिथेच थांबायचं. पर्लचं स्वतःचं ग्रेप हे तयार फंक्शन यादी शेवटपर्यंत चाळत बसतं, म्हणून तिने आपलं फंक्शन लिहिलं होतं. थाट मात्र ग्रेपचाच: महिरपी कंसात अट, पुढे यादी, मध्ये स्वल्पविराम नाही. घरी केलेल्या फंक्शनला ही सवलत कुठून, हे मला खटकलं. तिने नावापुढचा प्रोटोटाइप, म्हणजे फंक्शन काय काय घेईल याची खूण, दाखवला, (&@): आधी कोडचा तुकडा, मग हवी तेवढी यादी. शुक्रवारी ते माझ्यासमोर चाललं. तरी माझी खात्री पटली नाही. फुकट मिळालेल्या सोयीची मला धास्तीच वाटते.

शनिवारी ज्येष्ठांनी ते आमच्या फाइलीत घेतलं आणि रिवाजाप्रमाणे तळाला, बाकीच्या फंक्शनांसोबत टाकलं. चालवलं, तर सिंटॅक्स एरर.

"अहो मॅडम, काल दाखवलंत ते वेगळं होतं, की हे फक्त सरांसमोरच चालतं?"

मलाही तीच शंका आली. तिची फाइल मागून घेतली, फंक्शन ओळीने ताडून पाहिलं. अक्षराचा फरक नव्हता.

"मी काही लपवून नाही राहिली, सर," ती म्हणाली. "पर्ल वरून खाली वाचतं. वापरायच्या आधी प्रोटोटाइप दिसला नाही, तर ते कंस त्याला कळतच नाहीत."

तिने फाइलीच्या माथ्यावर फंक्शनचं नाव आणि प्रोटोटाइप, एवढी एकच ओळ लिहिली. चाललं. ज्येष्ठ चहाला गेले.

आणखी कुठे फसेल, असं मी विचारलं. कुठेच नाही, असं म्हणून ती मोकळी होऊ शकली असती.

"नावाआधी & लावून बोलावलं, तर पर्ल प्रोटोटाइप बघतच नाही. काहीही द्या, मुकाट्याने घेतं."

तिच्यावरचा माझा संशय तिथे फिटला. पर्लवरचा वाढला.

सोमवारी 'कायम करावे' असं लिहून दिलं. पण ज्येष्ठ सहकारी प्रत्येक फंक्शन & लावूनच बोलावतात. ही सवय सोडा, हे त्यांना मीच सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.