गरम झाल्यावरच धरणारे ब्रेक

त्या दुष्काळी उन्हाळ्यात उदगीरमध्ये बोलायला दोनच विषय होते. टँकर कधी येणार आणि जिल्हा कधी होणार. जिल्हा झाला की कचेऱ्या इकडेच येतील, या आशेवर एकाने गावाबाहेरचा माळ सपाट करून प्लॉट पाडले होते, रुंद डांबरी रस्तेही केले होते. बांधकामाला पाणी नव्हतं, त्यामुळे घर एकही उभं राहिलं नाही. त्या रिकाम्या रस्त्यांवर आम्ही पाच-सहा जण रविवारी दुपारी घड्याळ लावून गाड्या पळवायचो. सगळे चाळिशी ओलांडलेले, दुकानदार, मुलांचे बाप. सांगायला लाज वाटते, पण त्या वर्षी मला आनंद असा तेवढाच होता.

गाडी माझ्या एकट्याची नव्हती. थोरला भाऊ, माझा अण्णा, आणि मी, दोघांची मिळून होती. कापड दुकानाच्या कामाची साधी छोटी गाडी. मला चालवायला अण्णानेच शिकवलं होतं.

पहिल्याच रविवारी चौथ्या फेरीला करपल्याचा वास आला, पुढच्या चाकांतून धूर निघाला. पेडल दगडासारखं घट्ट, तरी गाडी थांबेना. एरवी कितीतरी महिने पुरणारे ब्रेक पॅड एकाच दुपारी झिजून पत्र्याला टेकले. मी नांदेडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी जुना पॅड नाकाशी नेला.

"शेठ, हे तर पापडावानी भाजले की. कुठं पळवून राहिले गाडी?"

मी सांगितलं. ते हसले, मग आत जाऊन दोन जोड घेऊन आले. एक साधा, एक शर्यतीचा.

"हे कडक हायेत. कितीबी तापू द्या, धरतेत. पण थंडे असले की नुसती लाकडाची फळी. रविवारी घाला, सोमवारी काढा. घरच्या मानसाच्या हाती यांच्यावर गाडी देऊ नका."

"हाव," मी म्हणालो.

दोन आठवडे नेमाने बदलले. जॅक लावायचा, चाकं उतरवायची, आणि हात धुवायला पाणी नाही म्हणून रॉकेलने पुसायचे. तिसऱ्या सोमवारी कंटाळा केला. मीच तर चालवतो, अशी मनाची समजूत घातली. सकाळी निघताना दोन-चार वेळा ब्रेक दाबून पॅड तापवून घ्यायचो. अण्णाला काही बोललो नाही. शर्यतीचंच सांगितलं नव्हतं, पॅडचं कुठून सांगणार?

त्याच आठवड्यात एका सकाळी आम्ही दोघं माल बघायला निघालो, तर अण्णाने हात पुढे केला. "दे किल्ली. डोळे बघ तुझे, गांजा वढल्यावानी दिसायलेत."

मी किल्ली दिली. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललो असतो तर रविवारचंही सांगावं लागलं असतं.

आमच्या गल्लीपुढे उतार आहे, खाली वळण. त्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत माणसं नाही, घागरी उभ्या असायच्या. घागर ठेवली की नंबर लागला, दुसरं कुणी तिला हात लावत नसे. त्या दिवशी रांग वाढत वळणाच्या पलीकडे रस्त्यावर आली होती. वळलो आणि समोर घागरी. अण्णाने ब्रेक दाबला. मी त्याचा पाय बघितला, बरोबर ब्रेकवर होता, पूर्ण दाबलेला. गाडी हळू झाली, थांबली नाही. माझ्या बाजूला पेडल नव्हतं, तरी मीही पायाने चटई दाबत राहिलो.

घागरी उडाल्या. त्यांच्यामागे एक म्हातारी बसली होती. तिचा पाय गुडघ्याखाली मोडला. आम्ही तिला उचलायला लागलो तर ती ओरडली, "आधी घागर सरळ करा की रं! नंबर जाईल माझा!"

अण्णाने ती घागर सरळ करून ठेवली.

दवाखान्यात तो म्हातारीच्या लेकाला हात जोडून म्हणाला, "माझा पाय उशिरा पडला." घरी तेच, दुकानात तेच. मी त्याच दुपारी साधे पॅड बसवले. मिस्त्रीने ताकीद दिली होती, तरी गप्प राहिलो. म्हातारी पुढे काठी घेऊन चालायला लागली. अण्णाने मात्र पुन्हा गाडीला हात लावला नाही. पुढे पुढे तो जिन्यावरही पाय चाचपून टाकायला लागला. पायावरचा त्याचा भरवसाच गेला, आणि तो मी घालवला होता.

गेल्या वर्षी एकदा लातूरला जाताना मी गाडी कडेला घेतली आणि सगळं सांगितलं. माळ, शर्यत, मिस्त्री, कडक पॅड. अण्णाने शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"लहानपणापासून खोडच हाय तुला, माझी चूक अंगावर घ्यायची. मला बरं वाटावं म्हणून इतकं रचायची काय गरज होती रे?"

"अण्णा, खरंच सांगतोय. तू ब्रेक दाबला होतास. मी बघितलंय."

"चल, उशीर व्हायलाय."

मी गाडी चालू केली. पुढच्या वळणाला, मी ब्रेक दाबण्याच्या आधीच, त्याचा पाय समोरच्या चटईवर घट्ट रुतला.