त्याच्या ओट्यावरची सहा सॉकेट्स

अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या त्या वर्षांत मी माझ्या मित्रावर जळत होतो. सरळच सांगतो, आता लपवून काय उपयोग! पुण्यात आम्ही एका वर्गात होतो, इथे मोटारींच्या एकाच कारखान्यात लागलो, पण घर आधी त्यानं घेतलं. वर्षभरानं मी घेतलं, तोवर त्यानं एका शनिवारात स्वयंपाकघराच्या ओट्यावर सहा नवी सॉकेट्स बसवून टाकली होती. माझ्या ओट्यावर दोन. मिक्सर लावायचा तर आधी राइस कुकर काढायचा.

"बघा, भाऊजींनी कसं हातासरशी करून टाकलं," बायको म्हणाली. त्या 'भाऊजीं'नी माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी रीतसर करायचं ठरवलं. सिटी हॉलमधून परमिट आणलं, लायब्ररीतून पुस्तक आणलं. ब्रेकर बंद करून, वायरीत करंट नाही याची खात्री करूनच हात घालायचो. इन्स्पेक्टर आला आणि म्हणाला, सॉकेटमागच्या डब्यात वायरींची गर्दी झालीय, मोठा डबा लावा. आणि मी बघेपर्यंत भिंत बुजवू नका. महिनाभर बायको उघड्या भिंतीसमोर पोळ्या लाटत होती.

"परमिट? अरे यार, चार वायरी जोडायला कसलं परमिट!" मित्र म्हणाला. "मला फोन करायचास ना!" सगळे हसले. बायकोही हसली, ते मला फार लागलं.

शेवटी काम पास झालं. इन्स्पेक्टरनं जाताना एक छोटा टेस्टर घ्यायला सांगितलं. सॉकेटात खुपसला की त्याच्या तीन दिव्यांवरून कळतं, अर्थिंग आहे की नाही. घरातलं एकेक सॉकेट मी बायकोला तपासून दाखवलं. "छान," ती म्हणाली. नुसतं छान.

पुढच्या रविवारी मित्राकडे चहाला गेलो तेव्हा टेस्टर खिशात होता. बाकीचे गप्पांत होते. पाणी प्यायच्या निमित्तानं मी आत गेलो आणि सहाही सॉकेट्स तपासली. एकालाही अर्थिंग नव्हतं. जुन्या घराच्या भिंतीत दोनच वायरी होत्या, आणि यानं वर खुशाल तीन पिनांची सॉकेट्स लावली होती. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण पुढच्याच रविवारी त्याच्याकडे पॉटलक होतं, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ आणायचं जेवण; गावातली सगळी मराठी घरं येणार होती. मी चारचौघांत सांगायचं ठरवलं. काय बोलायचं, ते आठवडाभर गाडीत घोकत होतो.

आमच्याकडे पद्धत अशी, की इडल्या घरून न्यायच्या, पण चटणी तिथे ताजी वाटायची. त्यासाठी पुण्याहून आणलेला स्टीलचा मिक्सर आणि तो इथल्या करंटवर चालावा म्हणून लागणारा जडशीळ ट्रान्सफॉर्मर, दोन्ही कुणीतरी गाडीत घालून न्यायचं. त्या दिवशी आमची पाळी होती.

मी बाहेरच्या खोलीत सगळे जमायची वाट बघत होतो. आतून किंकाळी आली. बायकोची.

तिचा एक ओला हात मिक्सरवर होता आणि दुसरा नळावर. मिक्सरच्या अंगात करंट उतरला होता, आणि अर्थिंग नसल्यानं तो तिच्यातून गेला. मित्रानं धावत जाऊन प्लग उपटला. ती खाली बसली, पण शुद्धीवर होती. मित्राचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वहिनी, मला खरंच माहीत नव्हतं हो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

ते खरं होतं. मला माहीत होतं.

परतताना ती कुडकुडत होती, म्हणून माझा कोट तिला दिला. तिनं खिशात हात घातला आणि टेस्टर बाहेर काढला.

"कधी तपासलंत?"

"गेल्या रविवारी."

तिनं टेस्टर परत दिला नाही. तो स्वयंपाकघराच्या खणात गेला. आमची सगळी सॉकेट्स इन्स्पेक्टरनं पास केलेली, मी तिच्यासमोर तपासलेली. तरी त्यानंतर मिक्सर लावायच्या आधी, दर वेळी, ती खण उघडून टेस्टर काढायची आणि स्वतः बघून घ्यायची.