दारफाळणीला दार वाजलं

लेथखालचा चुरा आणि किस्से, रोज झाडले तरी साठतातच. आमच्या चाकणच्या टूलरूममधले निम्मे किस्से एलीकाकांचे. काका ज्यू, बेने इस्रायली. राहायला काळेवाडीत, आणि मराठी आमच्यापेक्षा चोख.

*

त्यांचा उपासाचा मोठा दिवस म्हणजे दारफाळणीचा सण. पाण्याचा थेंब नाही, दिवसभर दार बंद, बाहेरच्याशी बोलायचं नाही, फक्त देवाची माफी मागायची. एचआरच्या नव्या मॅडमनी रजेचं कारण विचारलं.

"दार लावायचंय."

"त्याला दोन दिवस?"

"दुसरा उघडायला लागतो!"

*

देवाआधी माणसांची माफी मागायची असते. म्हणून सणाआधी काका सगळ्या लाइनवर फिरायचे. कँटीनवाला सुभाष गडबडला. "काका, तुम्ही माझं काय वाईट केलंय राव?"

"तुझा चहा पिताना रोज शिव्या देतो. मनातल्या मनात!"

*

एकदा सणाच्या आदल्या दिवशी मी त्यांना गाडीवरून घरी सोडलं. हॉल धुऊनपुसून लख्ख, भिंतीलगत रिकाम्या खुर्च्या. गेलेली माणसं या सणाला घरी येतात, असं त्यांच्यात मानतात. मला हसूच आलं. बसायला खुर्ची ओढली, तर काकू हळूच म्हणाल्या, "ती नको भाऊ. दुसरी घ्या."

मी चहा उभ्यानेच प्यायलो. घाबरलो होतो, दुसरं काय!

*

आता सदाभाऊचा किस्सा. तो काकांच्या शेजारच्या मशीनवर असायचा. काकांचा मायक्रोमीटर हरवला, वडिलांची आठवण होती ती. काकांनी भर शॉपमध्ये सदाभाऊला चोर म्हटलं. त्याने कामच सोडलं.

गेल्या वर्षी सणाच्या आदल्या दिवशी साफसफाई करताना मायक्रोमीटर काकांच्याच जुन्या पेटीत निघाला. कुणाला काही न सांगता ते तडक चिखलीला गेले. सदाभाऊच्या दाराला कुलूप, फोन बंद. संध्याकाळ झाली, दार लावायची वेळ आली आणि माफी राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. काका उठले. बाहेरून सदाभाऊचा आवाज आला, "एलीभाऊ, उघडू नका, आज तुमच्यात चालत न्हाई. मायक्रोमीटर घावला न्हवं? मग झालं!"

काका दाराला कपाळ टेकून रडले.

दुसऱ्या दिवशी शिळा सण, म्हणजे दार उघडून भेटीगाठी घ्यायचा दिवस. दार उघडलं आणि काका मिठाई घेऊन चिखलीला पोचले. आत जमिनीवर दिवा लावलेला. काका कसेबसे म्हणाले, "वहिनी, परवा आलो होतो. कुलूप होतं."

"व्हय," वहिनी म्हणाल्या. "परवा सकाळीच ह्ये गेले. आमी समदी दवाखान्यात व्हतो."