सिल्व्हर कार

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी बाबा पुण्याहून आमच्याकडे जपानला, इचिकावाला यायचे होते. मी फोनवर उत्साहाने सांगून टाकलं, "तुमच्यासाठी सिल्व्हर कार घेऊन ठेवलीय." म्हातारी माणसं हाताने ढकलत चालतात त्या चार चाकांच्या गाडीला इथे असं म्हणतात, एवढं सांगायचं राहिलं. बाबांनी बातमी कट्ट्यावर दिली. एकाने मेटॅलिक रंग आहे का, असंही विचारलं म्हणे.

आल्यावर त्यांनी ती गाडी पाहिली, तिची ब्रेकची तार पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"ही?"

पुढे तिला हात लावला नाही. रोज चालला नाहीत तर गुडघा कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मुख्याध्यापक असताना दर पंधरा ऑगस्टला जिद्दीवर भाषण केलेला हा माणूस आता सोफ्यावर बसून मला जिद्दीविषयी सांगू लागला.

खालच्या मजल्यावरच्या आजींकडे एक लांबुडका डॅशहंड कुत्रा होता. पाठीच्या दुखण्यात त्याचे मागचे पाय गेले होते, म्हणून कमरेला दोन चाकांचा गाडा बांधलेला. रोज सकाळी तो आमच्या बाल्कनीखालून खडखडत जायचा. येणारे-जाणारे थांबून "गाम्बात्ते" म्हणायचे, म्हणजे जोर लावा. कुत्रा ढुंकूनही पाहायचा नाही. त्याचं लक्ष पुढच्या खांबावर. चाक अडकलं की भुंकायचा, कुणीतरी येऊन सोडवायचं.

"बघा बाबा, त्याला गाडीची लाज वाटत नाही."

"त्याने पुण्यात कुणाला सांगितलेलं नाही."

आठव्या दिवशी कचरा ठेवून परत येते, तर बाबा गाडीसकट लिफ्टपाशी.

"मी काही चालायला निघालो नाहीये," ते म्हणाले. "तो त्या खांबापाशी एवढं काय करतो, ते बघून येतो."

मी मागोमाग गेले. कुत्रा आला. त्याने खांब हुंगला, मग सिल्व्हर कार हुंगली. पाय उचलण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने पार्किंग करावं तसा गाडा तिरका मागे घेतला आणि बाबांच्या गाडीचं पुढचं चाक भिजवलं.

आजी "सुमिमासेन, सुमिमासेन" अशी माफी मागत पाण्याची बाटली घेऊन वाकू लागल्या. ऐंशीच्या पुढच्या बाई. बाबांना ते पाहवेना. "अहो, राहू द्या, राहू द्या," असं चक्क मराठीत म्हणत त्यांनी बाटली घेतली, गाडीचा दांडा धरला आणि कण्हत, एक गुडघा मुडपत खाली बसले. तोच गुडघा.

चाक धुऊन झालं. आता उठता येईना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "अगं, उठव मला."

मी हात दिला. उभं राहून त्यांनी आधी श्वास घेतला.

"उद्या बाटली आपली आणू," ते म्हणाले.