सदतीसची बाकी

सदतीस या संख्येचं मला तोंड पाहवत नाही. गणिताची शिक्षिका आहे मी, मूळ संख्या शिकवाव्याच लागतात. तरी दरवर्षी एकतीसवरून थेट एकेचाळीसवर उडी मारावीशी वाटते.

रिठदच्या पलीकडच्या आमच्या गावात चौथीला आम्ही सदतीस जण होतो. वर्गात सहा तरटपट्ट्या, एकेका पट्टीवर सहा पोरं. माझा नंबर शेवटचा. पहिल्याच दिवशी सर म्हणाले, "छत्तीस बसले. येक उरला." आणि मला दाराजवळ, चपलांच्या बाजूला पोत्यावर बसवलं. आमच्या बौद्धवाड्यातून त्या वर्गात मी एकटीच होते. पण नऊ वर्षांच्या पोरीला त्याचा आणि पोत्याचा संबंध कुठून लागणार? सरांनी भागाकार करून दाखवला होता ना.

माणूस शिकवायचा झकास. हे कबूल करायला माझ्या जिवावर येतं. एकदा त्यांनी फळ्यावर सदतीसला तीननं गुणलं, आले एकशे अकरा. सहानं गुणलं, दोनशे बावीस. नऊनं, तीनशे तेहतीस. असं करत सत्तावीसनं गुणून नऊशे नव्याण्णवपर्यंत पोचले. मग १८५ लिहून पहिला आकडा शेवटी नेला, झाले ८५१. पुन्हा तसंच केलं, ५१८. तिन्हींना सदतीसनं भाग जातो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, चपलांजवळ बसून. त्या टाळ्या आठवल्या की अजून अंगाचा तिळपापड होतो.

मी घरी पाटीवर वर्ग बसवून पाहायचे. दोन-दोन, तीन-तीन, चार-चार, नऊ-नऊ, बारा-बारा. काही करा, शेवटी एक उरायचाच. एका संध्याकाळी चिडून मी त्या आकड्यावर थुंकले.

माय बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती. "काहून थुकून राह्यली व पाटीवर?"

मी सगळं सांगितलं. तिनं माझ्याकडून सदतीस जुड्या मोजून घेतल्या आणि नेहमीसारख्या पाच-पाच मोजल्या. हाताच्या बोटांपलीकडचं माप तिला ठाऊकच नव्हतं. सात ढीग झाले, दोन जुड्या उरल्या.

"पाचानं बसवा म्हना सरले. दोगं उरते मंग. येकटी कायले बसशीन?"

माझ्या मायपुढं सर मला त्या क्षणी कच्चे वाटले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "पट्ट्या साहाच हायेत. तुह्या मायले म्हना, तू भाजी इक." वर्ग हसला.

मग तिसऱ्या पट्टीवरची एक मुलगी घरच्यांसोबत पोहरादेवीच्या यात्रेला गेली. मी पोरं मोजली. छत्तीस. पोतं घडी घालून कोपऱ्यात ठेवलं आणि तिच्या जागेवर जाऊन बसले. इतका आनंद मला पुढं गणितात बक्षीस मिळालं तेव्हाही झाला नाही.

हजेरी घेता घेता सर थांबले. "तिथून ऊठ."

"सर, आज छत्तीस हाओ. आज कोनीच उरत नाई."

"ते जागा तिची हाय. तुही तिकडं."

त्या दिवशी तिसऱ्या पट्टीवर पाच जणं बसली, मधली जागा रिकामी राहिली, आणि मी चपलांजवळ. भाग पूर्ण जात होता. बाकी तरी मीच. संख्येचा काही गुन्हा नव्हता, तरी तिच्यावरचा राग गेला नाही. इतके दिवस तिनं त्या माणसाला आडोसा दिला होता.

मागच्या उन्हाळ्यात गावात सरांचा सत्कार झाला. मला बोलावणं होतं, आणि मी मुद्दाम गेले. जेवणाच्या पंगतीत त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि चारचौघांना सांगितलं, "माही विद्यार्थिनी. सदतीसची गंमत मीच शिकवली इले."

मी विचारलं, "सर, छत्तीसले साहानं भागलं तर बाकी किती?"

"शून्य," ते हसत म्हणाले.

"मंग त्या दिवशी मी कोन होती?"

ते भात कालवत राहिले. कोणत्या दिवशी, असं त्यांनी विचारलं नाही.