घाणीचं विरजण

तूबानं जन्मभर गालिचे धुतले. तेहरानजवळच्या रेयच्या झऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभं राहून तिनं लोकांच्या घरातला किती मळ काढला, त्याला गणती नाही. मळ दिसला की तिचे हात शिवशिवायचे. त्यात नवरोज, नव्या वर्षाचा सण, तोंडावर आलेला, म्हणजे घर झटकायचे दिवस. पडदे झाले, भिंती झाल्या, आणि नवरा सफदर हमामात आंघोळीला गेला तशी ती त्याच्या माशाच्या टाकीकडे वळली. फिल्टरातला स्पंज काढला, तर तपकिरी, बुळबुळीत. ब्लीच घालून असा चोळला की नवा दिसायला लागला.

आता त्याच टाकीतला लाल मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करत होता.

"दाणा खात न्हाई," सफदर म्हणाला. "परांवर रक्ताच्या रेघा आल्यात. तूबा, फिल्टरला हात लावलास काय?"

"मी कशाला लावू? मला काय कामं न्हाईत?"

खोटं तोंडातून निघून गेलं. ट्रक चालवणं सुटल्यापासून हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसायचा. हिवाळ्यात टाकी आणली तेव्हा कुठं बोलता झाला. मासा आणायच्या आधी नुसत्या पाण्यात रोज चिमूटभर दाणा टाकायचा. शेजारची बतूल हसायची, "सफदर आगा, पाण्याचं पोट भरलं का?"

"दुधाला विरजण लागतं तसं पाण्यालाबी लागतंय, बाई. माशाचं मूत म्हंजी विष. ते खाणारे बारके जीव आधी धरायला पायजेत."

तूबानं तेव्हा ते कानाआड केलं. आता स्पंजातलं ते विरजणच तिनं मळ समजून मोरीत सोडलं होतं.

नवरोजच्या मांडणीत ठेवायला आणलेला मासा घरोघर मरायचा, कुणाला त्याचं काही वाटत नसे. सफदरला मात्र हा जगवायचाच होता. पिंपात ठेवून मुरवलेलं पाणी तो तांब्यातांब्यानं बदलत होता. तूबानं चादर डोक्यावर घेतली नि बाहेर पडली.

मासेवाला जब्बार गिऱ्हाइकांत बुडालेला. "तूबा खाला, मेला का मासा? दुसरा देतो!"

"मेला न्हाई अजून. तुझ्या फिल्टरातला स्पंज दे. सगळ्यात घाणेरडा."

"ऐका रे! गालिचेवाली तूबा घाण मागतीया!"

"मागनं हस, मुडद्या. आधी दे."

त्यानं चांगल्या टाकीतला स्पंज कापून तिथल्याच पाण्यासकट पिशवीत दिला. "सुकू देऊ नको. आणि नळाखाली धरशील तर बघ!"

घरी तिनं पिशवी सफदरपुढं धरली. त्यानं पिशवीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"म्हंजी लावला होतास."

"लावला. ब्लीच घालून."

त्यानं पिशवी घेतली. स्पंज फिल्टरात कोंबला, आणि धुतलेल्या पडद्याशेजारी सगळी टाकी गढूळ झाली.

नवरोजला सुफरा, म्हणजे सणाच्या मांडणीचं कापड, टाकीपाशीच मांडावा लागला, कारण सफदर मासा हलवू देईना. मासा आता तळाशी खडे चिवडत दाणा शोधत होता. काचेवर शेवाळाचा हिरवा डाग होता. तूबा त्या डागाकडं बघतच राहिली.

"हात मागं," सफदर म्हणाला.

तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबले.